सर्व्हिस हिरवी, डेटाबेस गायब

डेटाबेस सर्व्हर पडला की बहुतेकांचा हात आधी रीस्टार्टकडे जातो. कधीकधी तेवढ्यानं भागतंही. पण उठायला तयार नसलेल्या सर्व्हरला पाच-सहा वेळा रीस्टार्ट मारणं म्हणजे रोग रेड्याला आणि इलाज पखालीला. प्रत्येक वेळी लॉगमधली मूळ चूक नव्या ओळींखाली आणखी खोल गाडली जाते आणि अर्ध्यावर आलेली रिकव्हरी (अचानक पडल्यावर डेटा पुन्हा सुसंगत करण्याचं काम) पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या डेटाबेसच्या बाबतीत ‘नाही’ म्हणणारे तिघे असतात. सर्व्हिस चालवणारा सिस्टमडी, खाली बसलेला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा), आणि खुद्द डेटाबेस. तिघांचे लॉग वेगळे, भाषा वेगळी. नकार कोणी दिला हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नये. पुढचं बहुतेक सगळं लिनक्सवरच्या पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल-मारियाडीबी या डेटाबेसबद्दल आहे, विंडोजचं थोडं शेवटी.

हिरव्या ठिपक्याचा अर्थ

डेबियन किंवा उबुंटूवर पोस्टग्रेसचं ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ बघितलं की हिरवा ठिपका दिसतो, शेजारी ‘ॲक्टिव्ह’ लिहिलेलं असतं आणि पुढे कंसात ‘एक्झिटेड’. क्लायंट मात्र जोडलाच जात नाही. गंमत अशी की ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ नावाची ही सर्व्हिस नुसती छत्री आहे. ती चालवते काय, तर ‘ट्रू’ ही काहीच न करणारी कमांड. ती यशस्वी होणारच, म्हणून ठिपका हिरवाच राहणार. खरा सर्व्हर वेगळ्या युनिटमध्ये (सिस्टमडी ज्या फाइलीनुसार सर्व्हिस चालवतो त्यात) असतो. त्याच्या नावात ‘ॲट’ चिन्ह, मग आवृत्ती, मग क्लस्टरचं (एका सर्व्हरखालच्या डेटाबेसच्या गटाचं) नाव असतं, जसं ‘पोस्टग्रेएसक्यूएल ॲट १६ डॅश मेन’. स्टेटस बघायचं ते या युनिटचं. त्याहून सोपं म्हणजे ‘पीजी-एलएसक्लस्टर्स’ चालवा. आवृत्ती, पोर्ट, ‘ऑनलाइन’ की ‘डाउन’, डेटा डिरेक्टरी आणि लॉग फाइलचा पत्ता, सगळं एका ओळीत मिळतं. रेड हॅटच्या घरात ही छत्री नसते. तिथे नव्या इन्स्टॉलनंतर ‘इनिट-डीबी’ (डेटा डिरेक्टरी पहिल्यांदा तयार करणं) केल्याशिवाय सर्व्हिस उठत नाही, आणि तेच विसरलं जातं.

सर्व्हर जिवंत आहे का हे ठिपक्यावरून ठरवू नका, त्यालाच विचारा. ‘पीजी-इजरेडी’ला लॉगिन लागत नाही. ० परत आला तर कनेक्शन घेतोय, १ म्हणजे प्रोसेस जागी आहे पण सध्या नकार देतेय (बहुधा रिकव्हरी चालू आहे), २ म्हणजे समोरून उत्तरच नाही. १ आणि २ मधला फरक फार मोलाचा आहे. १ आला तर हात मागे घ्या आणि थांबा. २ आला तरच खोदकाम सुरू करा. मॉनिटरिंगमध्येही ‘सर्व्हिस ॲक्टिव्ह आहे का’ एवढंच तपासणारी स्क्रिप्ट असेल तर ती काढून टाकलेली बरी, खोटा दिलासा देते.

स्टेटसच्या ओळीतला आकडा

फेल झालेल्या युनिटच्या स्टेटसमध्ये ‘कोड’ आणि ‘स्टेटस’ असे दोन शब्द असतात. तिथला आकडा वाचा. २०० आणि त्यापुढचे आकडे बहुधा सिस्टमडीचे स्वतःचे असतात. डेटाबेस अजून सुरूच झालेला नसतो, त्यामुळे त्याच्या लॉगमध्ये काही सापडणार नाही. २०३ म्हणजे बायनरी (प्रोग्रॅमची फाइल) चालवता आली नाही: पत्ता चुकला, किंवा आवृत्ती बदलली आणि युनिट जुनंच राहिलं. २१७ म्हणजे युनिटमध्ये लिहिलेला युजरच अस्तित्वात नाही. २०० म्हणजे कामाच्या डिरेक्टरीत शिरता आलं नाही. २२६ म्हणजे सँडबॉक्स (सर्व्हिसभोवतीचं कुंपण) उभारताना घोळ झाला, बऱ्याचदा युनिटमध्ये नाव असलेला एखादा फोल्डर नसल्यामुळे.

नुसता १ आला तर डेटाबेस स्वतः काहीतरी बोलून बाहेर पडला आहे. त्याचा लॉग उघडा. ९ किंवा ‘किल’ दिसलं तर बाहेरून कोणीतरी मारलं आहे. मारणारा एकतर सिस्टमडी, नाहीतर कर्नल, नाहीतर टर्मिनलवर बसलेला एखादा माणूस.

‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ ही ओळ मूळ आजार नाही. मूळ सेटिंगप्रमाणे १० सेकंदांत ५ प्रयत्न झाले की सिस्टमडी पुढचा प्रयत्नच नाकारतो. तिच्या वरच्या ओळी वाचा, कारण दुरुस्त करा, ‘रीसेट-फेल्ड’ द्या आणि मग सुरू करा. जर्नल (सिस्टमडीचा लॉग) वाचताना ‘डॅश यू’ देऊन युनिटचं नाव आणि ‘डॅश बी’ देऊन फक्त या बूटपुरतं बघा. मशीनच रीबूट झालं असेल तर मागच्या बूटचं जर्नल हवं. पण ‘/व्हार/लॉग/जर्नल’ हा फोल्डर नसेल तर मूळ सेटिंगमध्ये जर्नल फक्त मेमरीत राहतं आणि रीबूटबरोबर पुसलं जातं. हा फोल्डर आजच बनवून ठेवा.

उठायच्या आतच मारला जाणारा सर्व्हर

सगळ्यात फसवा प्रकार हा. वीज गेली किंवा मशीन अचानक बंद पडलं. पुन्हा चालू केल्यावर पोस्टग्रेस शेवटच्या चेकपॉइंटपासूनचा (सगळे बदल डेटा फाइलींत उतरल्याची शेवटची खूण) वॉल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, वाचून डेटा सुसंगत करतो. त्याआधी डेटा डिरेक्टरीतली प्रत्येक फाइल डिस्कवर नीट उतरवतो. लाखभर फाइली आणि संथ डिस्क असेल तर एवढ्यालाच काही मिनिटं जातात. इकडे सिस्टमडीची मूळ मुदत ९० सेकंदांची. ‘टाइप’ला ‘नोटिफाय’ लिहिलेलं असेल तर सर्व्हर ‘तयार आहे’ म्हणेपर्यंत सिस्टमडी घड्याळ लावून बसतो, आणि ९० सेकंद झाले की प्रोसेस बंद पाडतो. ‘रीस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’ असेल तर पुन्हा उठवतो. क्रॅश रिकव्हरी अर्धवट सुटली की पुढच्या वेळी त्याच चेकपॉइंटपासून सुरू होते, म्हणून पुन्हा ९० सेकंद, पुन्हा मार. डेटाबेसला काहीही झालेलं नसतं, तरी तो कधीच उठत नाही.

ओळखायचं कसं? डेटाबेसच्या लॉगमध्ये खऱ्या बिघाडाचा एकही ‘फेटल’ किंवा ‘पॅनिक’ नसतो, फक्त रिकव्हरी सुरू झाल्याची ओळ आणि मग बंद करण्याची सूचना मिळाल्याची. जर्नलमध्ये त्याच सेकंदाला ‘स्टार्ट ऑपरेशन टाइम्ड आउट’. दोन्ही लॉग शेजारी ठेवून वेळा जुळवल्या की चित्र स्पष्ट होतं. पोस्टग्रेस १५ पासून रिकव्हरी लांबली तर दर १० सेकंदांनी ‘रीडू इन प्रोग्रेस’ अशी ओळ येते आणि वॉलमध्ये कुठवर पोचला तो आकडाही दिसतो. तो आकडा पुढे सरकत असेल तर काम चालू आहे.

उपाय युनिटमध्ये आहे. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ करून सर्व्हिसच्या भागात ‘टाइमआउट-स्टार्ट-सेक’ला ‘इन्फिनिटी’ द्या. पोस्टग्रेसच्या अधिकृत कागदपत्रांतही हेच सुचवलं आहे. डेबियनचं युनिट मुदत आधीच काढून टाकतं आणि मारियाडीबीचं ९०० सेकंद देतं, त्यामुळे फटका बसतो तो हातानं लिहिलेल्या किंवा इंटरनेटवरून उचललेल्या युनिटांना. पॅकेजची मूळ युनिट फाइल कधीच बदलू नका. पुढच्या अपडेटला तुमचे बदल पुसले जातील. ‘एडिट’नं बनणारी ओव्हरराइड फाइल वेगळी राहते. ती हातानं लिहिली असेल तर ‘डीमन-रीलोड’ करायला विसरू नका. दोन्ही मिळून काय लागू आहे ते ‘सिस्टमसीटीएल कॅट’ दाखवतं.

मायएसक्यूएलच्या बाजूला ‘इनोडीबी फोर्स रिकव्हरी’ नावाचं बटण (खरं तर सेटिंग) असतं, १ ते ६. रिकव्हरी संथ आहे म्हणून हे दाबणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. डेटाच्या खराब झालेल्या पानांमुळे सर्व्हर खरोखर कोसळत असेल तरच, आधी डेटा डिरेक्टरीची पूर्ण कॉपी काढून, १ पासून एकेक पायरी चढा. ४ आणि त्यापुढे डेटा कायमचा बिघडू शकतो. सर्व्हर उठलाच तर लगेच डंप (सगळ्या डेटाची निर्यात) काढायचा आणि नव्या ठिकाणी भरायचा.

डिस्क

जागा संपल्यावर दोन डेटाबेस दोन प्रकारे वागतात. पोस्टग्रेसला वॉलसाठी नवी १६ एमबीची फाइल करता आली नाही की तो ‘पॅनिक’ करून खाली बसतो आणि जागा होईपर्यंत उठत नाही. मायएसक्यूएल बऱ्याचदा मरत नाही, ताटकळतो. दर मिनिटाला जागा झाली का बघतो आणि १० मिनिटांनी एकदा लॉगमध्ये तक्रार करतो. ठिपका हिरवा, कनेक्शनही होतं, पण ‘इन्सर्ट’ अडकलेला.

‘डीएफ’मध्ये जागा दिसतेय आणि तरी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येतंय, असं झालं तर तीन गोष्टी बघा. आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेत का (‘डीएफ’ला ‘डॅश आय’). पुसलेली पण कोणीतरी उघडी धरलेली मोठी फाइल आहे का (‘एलएसओएफ’ला ‘प्लस एल १’). आणि ईएक्सटी-४ची राखीव जागा. ही फाइल सिस्टम ५ टक्के जागा रूटसाठी (सर्वाधिकार असलेल्या युजरसाठी) बाजूला ठेवते. म्हणून रूटला फाइलीत लिहिता येतं, पोस्टग्रेस युजरला नाही, आणि माणूस गोंधळतो. ५०० जीबीच्या डिस्कवर ही राखीव जागा २५ जीबी. वेगळी डेटा डिस्क असेल तर ‘ट्यून-टू-एफएस’नं ती १ टक्क्यावर आणली की चालू डिस्कवरच २० जीबी मोकळे होतात. तातडीच्या वेळी याच्याइतका झटपट उपाय दुसरा नाही. दुसरी सवय म्हणजे डेटा डिस्कवर २ जीबीची एक बिनकामाची फाइल आधीच बनवून ठेवायची. वेळ आली की ती पुसायची, सर्व्हर उठवायचा आणि मग शांतपणे साफसफाई करायची.

‘पीजी-वॉल’ फोल्डरमधल्या फाइली हातानं पुसू नका. नावात लॉग नसलं तरी लोक त्या लॉग समजूनच पुसतात. (आवृत्ती १० च्या आधी या फोल्डरचं नाव ‘पीजी-एक्सलॉग’ होतं. लोक साफ करतात म्हणूनच ते बदललं.) त्या साठतात कशामुळे हे बघा. एकतर आर्काइव्ह कमांड (वॉलची प्रत दुसरीकडे ठेवणारी) फेल होतेय, नाहीतर बंद पडलेल्या रेप्लिकाचा (डेटाबेसची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरचा) स्लॉट, म्हणजे तिच्यासाठी वॉल राखून ठेवणारी नोंद, मागे राहिलाय. ‘पीजी-रेप्लिकेशन-स्लॉट्स’मध्ये ‘ॲक्टिव्ह’ खोटा असलेला स्लॉट शोधा, नको असेल तर काढा, पुढच्या चेकपॉइंटला जागा आपोआप सुटते. आवृत्ती १३ पासून स्लॉटनं किती वॉल धरून ठेवायचा याला मर्यादा घालता येते. मूळ सेटिंगमध्ये ती नसते.

हातानं चालतो, सर्व्हिस म्हणून नाही

सर्व्हिसच्याच युजरनं सर्व्हर टर्मिनलवर चालवून बघणं ही उत्तम चाचणी आहे, चूक थेट समोर दिसते. पण रूटनं नको. पोस्टग्रेस रूटला सरळ नकार देतो. मायएसक्यूएलही देतो, पण युजर म्हणून रूट सांगितला तर ऐकतो आणि काही फाइली रूटच्या मालकीच्या करून ठेवतो. मग सर्व्हिस उठवताना त्याच फाइलींवर १३ नंबरची एरर, म्हणजे परवानगी नाही. हे एररचे नंबर पाठ असलेले बरे: २ म्हणजे फाइल नाही, १३ परवानगी नाही, २४ उघड्या फाइली फार झाल्या, २८ जागा संपली, ९८ पोर्ट दुसऱ्याकडे, १११ कनेक्शन नाकारलं.

टर्मिनलवर चालतो आणि सर्व्हिस म्हणून चालत नाही, असं असेल तर फरक वातावरणात आहे. डेटा डिरेक्टरी नव्या डिस्कवर हलवली की हे हमखास होतं. रेड हॅटवर एसईलिनक्सचं (कोणत्या प्रोग्रॅमनं कशाला हात लावायचा हे ठरवणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेचं) लेबल जुनंच राहतं. ‘ए-यू-सर्च’मध्ये नकाराची नोंद दिसते. ‘सेमॅनेज’नं नव्या पत्त्याला योग्य प्रकार द्या आणि ‘रिस्टोरकॉन’ चालवा. एसईलिनक्स बंद करून टाकणं हा उपाय नव्हे. उबुंटूवर मायएसक्यूएलच्या ॲपआर्मर (तशीच सुरक्षा व्यवस्था) प्रोफाइलमध्ये नवा पत्ता घालावा लागतो. मारियाडीबीच्या युनिटमध्ये ‘प्रोटेक्ट-होम’ चालू असतं, त्यामुळे ‘/होम’खाली ठेवलेला डेटा त्या सर्व्हिसला दिसतच नाही, मालकी कितीही बरोबर असो. आणि पत्त्यातल्या वरच्या एखाद्या फोल्डरला आत शिरण्याची परवानगी नसेल तर ‘नेमआय डॅश एल’ प्रत्येक पायरीची परवानगी ओळीनं छापून दाखवतं.

वैतागून सगळ्यावर ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) मारणाऱ्यांसाठी: पोस्टग्रेस डेटा डिरेक्टरी ७०० किंवा ७५० नसेल तर उठत नाही. मायएसक्यूएल कोणालाही लिहिता येणारी कॉन्फिग फाइल एक वॉर्निंग देऊन दुर्लक्षित करतो आणि मूळ सेटिंगवर उठतो. म्हणजे ७७७ नं एक बिघडतो आणि दुसरा बिघडलेला दिसतही नाही.

उघड्या फाइलींची मर्यादाही इथलीच. ‘लिमिट्स डॉट कॉन्फ’मधले आकडे लॉगिन करणाऱ्यांना लागू होतात, सिस्टमडीच्या सर्व्हिसना नाही. तिथे युनिटमध्ये ‘लिमिट-एनओ-फाइल’ लिहावं लागतं.

मेमरी

कर्नलनं मारलं असेल तर ‘डीमेसेज डॅश टी’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ आणि मारलेल्या प्रोसेसचा नंबर वेळेसकट सापडतो. पोस्टग्रेसमध्ये एका कनेक्शनची प्रोसेस मारली गेली तरी मुख्य प्रोसेस बाकीची सगळी कनेक्शनं तोडते आणि आतल्या आत रिकव्हरी करून पुन्हा उभी राहते. स्टेटसमध्ये मात्र ‘१२ दिवसांपासून चालू’. किंवा उलट: नव्या सिस्टमडीत ‘ओओएम-पॉलिसी’ मूळ ‘स्टॉप’ असते, म्हणजे एक प्रोसेस गेली की अख्खी सर्व्हिस खाली. पोस्टग्रेससाठी ती ‘कंटिन्यू’ करावी.

कारण बहुतेकदा ‘वर्क-मेम’चा गुणाकार. हा आकडा प्रत्येक कनेक्शनला नाही, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला मिळतो. हॅशला आवृत्ती १५ पासून दुप्पट. ६४ एमबी, २०० कनेक्शनं, प्रत्येकी दोन सॉर्ट, झाले २५ जीबी. १६ जीबीच्या मशीनवर शेअर्ड बफर्सना (डेटाबेसच्या सामायिक मेमरीला) ४ जीबी आधीच दिलेले असतात. आकडा मूळ ४ एमबीजवळ ठेवावा आणि जड रिपोर्टपुरता त्या सेशनमध्ये वाढवावा.

किरकोळ, पण तासभर खाणारे

पोर्ट दुसऱ्यानं धरलं असेल तर ‘एसएस डॅश एलटीएनपी’ नाव सांगतं. बऱ्याचदा ती पोस्टग्रेसचीच जुनी आवृत्ती असते. मायएसक्यूएलच्या क्लायंटला ‘लोकलहोस्ट’ म्हणजे सॉकेट फाइल, ‘१२७.०.०.१’ म्हणजे टीसीपी. एक चालतं आणि दुसरं नाही, यात नवल काही नाही.

‘पोस्टमास्टर डॉट पीआयडी’ आधीच आहे अशी तक्रार आली तर फाइल उघडा. पहिल्या ओळीत प्रोसेस नंबर, दुसऱ्या ओळीत डेटा डिरेक्टरी, चौथ्या ओळीत पोर्ट. तो नंबर ‘पीएस’मध्ये पोस्टग्रेसचा निघाला तर फाइलला हात लावू नका. चालू सर्व्हरखालून ती काढली तर साधारण मिनिटाभरात सर्व्हर स्वतःच तातडीनं बंद होतो. आणि तेवढ्यात त्याच डेटावर दुसरा सर्व्हर उठला तर पुढे काय होईल याचा नेम नाही.

कॉन्फिग फाइल बरोबर आहे आणि तरी सर्व्हर वेगळाच आकडा घेतोय? ‘ऑल्टर सिस्टम’नं लिहिलेलं ‘ऑटो डॉट कॉन्फ’मध्ये जातं आणि मुख्य फाइलीवर मात करतं. तिथल्या चुकीच्या आकड्यामुळे सर्व्हर उठत नसेल तर ती ओळ हातानं काढावीच लागते.

फक्त बूटनंतर बिघडतं आणि रीस्टार्टनं सुधारतं, त्याची दोन कारणं. ‘लिसन-ॲड्रेसेस’मध्ये लोकलहोस्टबरोबर एखादा नेमका आयपी असेल आणि नेटवर्क उशिरा आलं, तर पोस्टग्रेस एक वॉर्निंग लिहून फक्त लोकलहोस्टवर उठतो. हिरवा ठिपका, मशीनवरून लॉगिन होतं, बाहेरून नाही. युनिटला ‘नेटवर्क-ऑनलाइन’ची वाट बघायला लावा. दुसरं कारण डेटा डिस्क माउंट होण्याआधी (फोल्डरला जोडली जाण्याआधी) सर्व्हिस उठणं. त्यात रिकामी डिरेक्टरी दिसली की नवा क्लस्टर बनवणारी व्यवस्था असेल, आणि पोस्टग्रेसची अधिकृत डॉकर इमेज (तयार पॅकेज) नेमकं तेच करते, तर सर्व्हर झकास उठतो आणि एकही टेबल सापडत नाही. डेटा पुसलेला नसतो, माउंटखाली झाकलेल्या जागी दुसराच डेटाबेस उभा असतो. युनिटमध्ये ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ लिहा आणि डेटा डिरेक्टरी माउंट पॉइंटवर थेट न ठेवता आतल्या फोल्डरमध्ये ठेवा.

विंडोजवर १०६७ म्हणजे प्रोसेस मेली एवढंच. कारण इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये किंवा डेटाबेसच्या स्वतःच्या लॉगमध्ये मिळेल. १०५३ म्हणजे ३० सेकंदांत सर्व्हिसनं उत्तर दिलं नाही. १०६९ म्हणजे सर्व्हिसचं खातं लॉगिन करू शकलं नाही, बहुतेकदा पासवर्ड बदलला आणि सर्व्हिसमध्ये जुनाच राहिला. एसक्यूएल सर्व्हरची कमाल मेमरी चुकून फार कमी ठेवली गेली असेल तर ‘डॅश एफ’ देऊन किमान सेटिंगवर उठवा आणि आकडा सुधारा.

दुरुस्तीनंतर ‘इज-एनेबल्ड’ विचारा, सोयीच्या वेळी मशीन एकदा खरंच रीबूट करा, आणि नंतर दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून एक ओळ लिहा, वाचा, पुसा.